मागच्या सीटवरची हवा

५ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनी आणि बाळ मजेत असतील. फोनच केला असता, पण आमच्या घरात फोनवरचं सगळं आईच्या कानावर जातं, म्हणून हा पत्रप्रपंच.

आई बाळाचा फोटो सारखा बघत असते. पण तुझ्याकडे जायचं नाव काढलं, की तिला एकदम कपड्यांच्या घड्या घालायच्या असतात. थंडीत बघू, म्हणते. गेल्या उन्हाळ्यात जुन्या गाडीचा एसी बंद पडला आणि गाडीतून खाली उतरताच ती भर रस्त्यात चक्कर येऊन पडली, त्याचा धसका असावा. डॉक्टरांच्या मते आजारपणापासून तिला ऊन सोसत नाही, पण गाडी आतून गार राहिली तर प्रवासाला हरकत नाही.

ती जुनी गाडी आम्ही काढून टाकली. आता नवी बघतोय. शोरूममध्ये जो तो म्हणतो, आमचा एसी म्हणजे बर्फ. आमचे हे रंगावर भाळतात, लेक चिमी छताला काच हवी म्हणून हटून बसलीय. तू शाळेत विज्ञान शिकवतोस, तर सांग, गाडीचा गारवा ओळखायचा कसा? आणि खरंच गारव्याचाच प्रश्न आहे ना, हेही मला कळेनासं झालंय.

तुझी,
ठमी

१२ एप्रिल

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

प्रश्न आवडला. वहिनी म्हणते, बाळाच्या झोपेपेक्षा मला हल्ली तुमच्या गाडीचीच काळजी जास्त.

शोरूमवाले गाडी आधीच गार करून ठेवतात. पाहुणे यायच्या आधी पसारा पलंगाखाली ढकलावा, तसलाच प्रकार. तेव्हा गाडी दुपारी उन्हात उभी करायला लाव. मग काचा उघडून आतली वाफ जाऊ दे, आणि त्यानंतर एसी लाव. पुढे बसून निकाल देऊ नकोस, मागे बस. गाडी धावताना कुठलाही एसी शहाण्यासारखा वागतो. उभी असताना काय करतो ते बघ. घरातली सगळी माणसं कोंब, आईचा वॉकर डिकीत मावतो का तेही पाहा. आणि आईला घरी ठेवून जाऊ नकोस. जिच्यासाठी गाडी, तीच घरी, असं नको.

सोबत थर्मामीटर पाठवतोय. चिमीच्या हातात देऊ नकोस.

प्रेम आहेच, उत्तराला उशीर करून ते आटवू नकोस.

दादा

२३ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा थर्मामीटर अर्थातच चिमीच्या हातात होता.

पहिली गाडी पुढे थंडगार, मागे भट्टी. हळूहळू मागेही पोचेल, असं विक्रेत्याने सांगितलं. आईने त्याला शांतपणे विचारलं की तोवर आमचं गाव येईल का. तो बिचारा कागद चाळत बसला.

दुसरी प्रशस्त. छताला काच, तिला पडदा, मागे हवेच्या जाळ्या, उभ्या उभ्याही झटपट गार. थर्मामीटरने तिलाच पहिला नंबर दिला. फक्त ती उंच आहे. ह्यांनी आणि विक्रेत्याने आईला दोन्ही बाजूंनी धरून वर चढवलं. ती घरी येईपर्यंत खिडकीबाहेरच बघत होती.

तिसरी साधी, पांढरी, बसकी. गार व्हायला वेळ घेते. थांबली की हवा थोडी मंदावते. पण मागेही जाळ्या आहेत. वॉकर आडवा घातल्यावर मावतो, फक्त मग चिमीची बॅग पायाशी येते. या गाडीत आई आपली आपण बसली. दार स्वतः ओढून घेतलं, जाळी वरखाली फिरवून पाहिली, आणि हीच घ्या म्हणाली. कारण विचारलं तर म्हणाली, पांढरा रंग उन्हाला बरा.

आता आकड्यांचं ऐकू की आईचं?

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
ठमी

३० एप्रिल

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

माझं मत दुसऱ्या गाडीला. चढायला पायरी बसवून घेता येते, गारवा मागाहून बसवता येत नाही. पण रंगाचं कारण मला पटत नाही. आईने रंग बघून साधी बादलीसुद्धा कधी घेतलेली नाही. तिला पुन्हा विचार, आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा. तुला ते जड जाईल, ठाऊक आहे.

दादा

१४ मे

चि. दादास,
अनेक आशीर्वाद.

ठमीने विचारलं आणि खरंच गप्प राहिली, म्हणून तुला लिहिते आहे. पांढरी गाडी घेतली. तुझं मत तिने वाचून दाखवलं होतं, रागावू नकोस.

त्या दिवशी रस्त्यात पडले तेव्हा अनोळखी माणसांनी मला उचललं. माणसं भली होती. मला सगळं ऐकू येत होतं, फक्त तोंडातून शब्द फुटत नव्हता. कुणी म्हणालं पाय धरा, कुणी म्हणालं जड आहे. अंगावरचे कपडे सावरायलाही हात उचलेना. तुम्हाला वाटलं मी उन्हाला घाबरले. ऊन मी जन्मभर पाहिलंय. परत कुणी सामानासारखं उचलेल, ही भीती होती. त्या उंच गाडीत जावई किती जपून धरत होते, तरी मला त्या रस्त्यावरचेच हात आठवले.

परवा दुपारी मीच म्हटलं, मला बाजाराकडून फिरवून आणा. पुढे ट्रक आडवा झाला आणि गाड्या अडकल्या. तू म्हणालास तसंच झालं, हवा मंदावली, काच तापली. ठमी सारखी मागे वळून बघत होती. मी खिडकीचा पडदा ओढला, जाळी माझ्याकडे वळवली, घोट घोट पाणी प्यायले. वाट मोकळी होईपर्यंत घाम आला, चक्कर आली नाही. घरी आल्यावर दार उघडलं, एक पाय टेकवला, मग दुसरा. कुणालाही हात लावू दिला नाही.

येत्या रविवारी पहाटे निघतो. गाडी दारात थांबली की धावत येऊ नकोस. मला उतरायला वेळ लागेल, तो लागू दे. तू बाळाला घेऊन उंबऱ्यात उभा राहा. तिथवर मी येते.

तुझी,
आई