बॅच नंबर तीन

३ मार्च
आजपासून राग बंद. कायमचा.
काल औषधाच्या दुकानात काउंटरची काच फुटली. मी फोडली नाही. मी काउंटरवर फक्त हात आपटला, काच आपली आपण फुटली. हल्ली कामं कच्चीच होतात. हाताला टाके पडले, पण ते डाव्या हाताला, म्हणून लिहिता येतंय.

मुळात गेलो होतो ट्यूब आणायला. आमची लेक, बुलेट, शाळेकडून पंधराशे मीटर पळते. महिनाअखेर निवड चाचणी आहे, आणि तिला त्या टीममध्ये जायचंय म्हणजे जायचंय. झोपेतसुद्धा पाय हलवते. पण उन्हात नुसती गेली की अंगावर लाल चट्टे उठतात. स्किनच्या डॉक्टरने सनस्क्रीन लिहून दिलंय. म्हणाला, हे लावल्याशिवाय मैदानात पाठवू नका. मी ट्यूबच्या मागे छापलेलं वाचायला गेलो, एक शब्द वाचता येईना. औषधवाल्याला विचारलं, हे पोरीच्या तोंडाला फासायचं की गटारात ओतायचं? तो म्हणाला, घ्यायचं तर घ्या, नाहीतर बाजूला व्हा, मागे माणसं उभी आहेत.
मी बाजूला झालो नाही.

बायको म्हणाली, अहो, आता पुरे. यापुढे घरात नाहीतर बाहेर काही फुटलं, तर मी पोरीला घेऊन भावाकडे जाईन, आणि परत येण्याचं काही खरं नाही. मी हसून सोडून दिलं. घरातल्या माणसावर मी आजवर बोट उगारलेलं नाही. जे काही होतं ते वस्तूंना होतं.
निर्णय: सनस्क्रीन घरीच बनवायचं. शंभर टक्के नॅचरल. अख्ख्या कुटुंबाला. रंगाच्या दुकानात उभं राहून माझे केस पिकले. उन्हापासून भिंत वाचवणं हाच आपला धंदा. माणूस म्हणजे तरी वेगळं काय, चालणारी भिंत.

५ मार्च
फॉर्म्युला सोपा आहे. खोबरेल तेल, मधमाशीचं मेण, झिंक ऑक्साइडची पांढरी पावडर. झिंकचं पोतं दुकानाच्या मागच्या खोलीत पडलेलंच आहे. मधमाशीचं मेण मिळालं नाही. घरात मेणबत्त्या होत्या. मेण ते मेण.

बॅच नंबर एक तयार. स्वतःच्या उजव्या हाताला जाड लावली. थंड झाल्यावर ती कडक झाली, मग निघेना. बुलेट म्हणाली, बाबा, गरम पाण्यात हात घाला. मला असले नाजूक उपाय जमत नाहीत. उलथनं घेतलं आणि खरवडलं. मेण निघालं, केस निघाले, थोडी कातडी निघाली. मी ओरडलो नाही, पण शेजारचे विचारायला आले.
पातेलं ओट्यावरून खाली पडलं. चार-पाच वेळा. आता ते कुठल्याच झाकणाला बसत नाही. बायकोने पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पडलं, मी म्हणालो. पडणं आणि फुटणं यात फरक आहे.

८ मार्च, दुपार
चूक कळली. मिश्रण नीट घुसळलं जात नव्हतं. दुकानात रंगाचे डबे हलवायचं शेकर मशीन आहे. डब्याला शिकंज्यात आवळतं आणि असं झोडपतं, की आतला रंग सगळा जाब देतो. मला ते मशीन फार आवडतं. मालक जेवायला गेल्यावर बॅच दोन डब्यात भरून मशीनला लावली.

संध्याकाळ
झाकण उडालं.
कोमट तेल आणि झिंक छताला, शेड कार्डांना, कॉम्प्युटरला आणि एका गिऱ्हाइकाच्या कोटाला. गिऱ्हाईक आवाज चढवून बोललं. मी त्याचा कोट पुसत होतो, पुसता पुसता कॉलर हातात आली. एकदा हातात आल्यावर सोडायची म्हणजे कमीपणा. तो रंगाच्या डब्यांच्या उतरंडीवर जाऊन आदळला, उतरंड दोघांच्या अंगावर आली. माझं कपाळ फुटलं. त्याचं नाक. मालक आला तेव्हा आम्ही दोघंही पांढरेशुभ्र होतो आणि मधे लाल. मालक म्हणाला, पुन्हा असं झालं तर दुकानाची पायरी चढू नकोस.
घरी सांगितलं की शिडीवरून पडलो. बायकोने पट्टी बांधली. काही विचारलं नाही. विश्वास म्हणतात तो हाच.

१० मार्च, रविवार
तळाशी उरलेली बॅच दोन वाया घालवणं बरं नव्हे. कंपनी नवा रंग आधी भिंतीवर चौकोन मारून बघते. इकडे एक पातळ हात, तिकडे दोन, मधे कोरी जागा. मला अशीच एक मोठी, सपाट, उघडी जागा पाहिजे होती.
बायकोचा भाऊ जेवायला आला होता. जेवल्यावर शर्ट काढून गच्चीवर पालथा झोपला. थोडी सावली होती, ती मी बादली सरकवून दूर केली. दोन इंची ब्रशने चौकोन मारले. काय रेषा आल्या! एक थेंब ओघळला नाही.

संध्याकाळ
मेव्हण्याच्या पाठीचा बुद्धिबळाचा पट झालाय. कोऱ्या जागा टोमॅटोसारख्या, आणि चौकोनांच्या जागीही फोड. म्हणजे उत्पादनात थोडी सुधारणा लागेल. मी त्याला हे शांतपणे समजावत होतो. त्याने माझ्या तोंडात मारली. मी रोलरचा दांडा उचलला. त्याने खुर्ची उचलली. गच्चीवरची कपड्यांची दोरी तुटली, तिच्यात आम्ही दोघं गुंडाळलो गेलो आणि तसेच जिन्यावरून खाली. माझा एक दात पडला. पुढचा नाही.
बुलेट जिन्यात उभी होती. कानांवर हात ठेवून. आवाज फार झाला खरा.
मेव्हणा घरचा माणूस आहे का, यावर थोडा विचार केला. नाही. तो त्याच्या घरचा. माझा नियम शाबूत आहे.

१५ मार्च
आता शिस्त. मधमाशीचं खरं मेण मिळालं. बॅच नंबर तीन मंद आचेवर, लाकडी चमच्याने, न चिडता. एकदाच चमचा मोडला.
उत्साहात असतानाच बायको म्हणाली, तुम्ही दमलात, थंड झालं की मी भरून ठेवते बरणीत, तुम्ही पडा जरा. किती दिवसांनी ती माझ्या कामात रस घेत्ये! मला भरून आलं. जाऊन पडलो.

१६ मार्च
चमत्कार!
काल पातेल्यात ते घट्ट, पिवळट आणि चिकट होतं. आज बरणीत बघतो तर पांढरं, हलकं, मऊ. मिश्रणाला मुरायला वेळ द्यावा लागतो, रंगाचंही तसंच असतं. वासही बदललाय. कालपर्यंत मेणबत्तीचं दुकान, आज ओल्या काकडीसारखा गार वास. मी काकडी घातलेली नाही. निसर्गाचं काही सांगता येत नाही.

२१ मार्च
बुलेट आठवडाभर भर उन्हात सराव करत्ये. एक चट्टा नाही! मी विचारलं, कसं आहे बाबांचं क्रीम? ती आईकडे बघत म्हणाली, मस्त आहे बाबा. बायकोला विचारलं, तीही म्हणाली मस्त. मेव्हणा पाठीला मलम लावायला आला होता, दारातूनच म्हणाला मस्त. या घरात इतकं एकमत मी पहिल्यांदा पाहिलं.
मालकाला म्हणालो, आपण हे दुकानात ठेवू. तो म्हणाला, तू आधी छत पूस.

२३ मार्च
केराच्या डब्यात त्या डॉक्टरी सनस्क्रीनची ट्यूब दिसली. शेवटपर्यंत पिळून चपटी केलेली. म्हणजे बायकोने कुठूनतरी गुपचूप आणून ठेवली होती, आणि माझं क्रीम बघून सगळी पिळून फेकून दिली! आनंदाने मी भिंतीवर बुक्की मारली. हा राग नव्हे. प्लास्टर थोडं पडलं.

२७ मार्च
उद्या चाचणी. बॅच तीन संपत आली. बायको म्हणाली, मी करते की थोडं, तुम्ही कशाला त्रास घेता. म्हटलं, नाही. उद्याचा दिवस मोठा, उद्या बाप स्वतःच्या हाताने बनवणार आणि स्वतःच्या हाताने लावणार.
बॅच चारमध्ये एक सुधारणा: लिंबाचा रस. ताजेपणा येतो, शिवाय नॅचरल. बायको म्हणाली, अहो, लिंबू नको, झोंबेल तिला. उद्या एक दिवस राहू दे ना तुमचं. मी टेबलावर मूठ आपटली. पेले उडाले, एक फुटला. त्यानंतर कोणाचाच विरोध राहिला नाही. बुलेट म्हणाली, लावा बाबा, चालेल मला.
पटवून देता आलं पाहिजे माणसाला.

२८ मार्च
मैदान. लख्ख ऊन. बुलेटच्या तोंडाला, मानेला, हातापायांना दोन-दोन हात मारले. ती डोळे घट्ट मिटून उभी राहिली. प्रायमर लावल्यासारखी दिसत होती.
पहिले दोन राउंड माझी पोर सगळ्यांच्या पुढे! मग घाम आला, क्रीम डोळ्यांत उतरलं. शेवटच्या राउंडला ती डोळे चोळत आंधळ्यासारखी पळत होती. वळणावर लेन सोडून सरळ गेली आणि लोखंडी कठड्यावर आदळली.

पंचाने शिट्टी मारली आणि हात आडवा केला. बाद. मी कुंपण ओलांडलं. पंचाला विचारलं, पोरीला दिसत नाहीये हे तुला दिसत नाही का? तो म्हणाला, बाहेर व्हा. मी त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी ढकललं. तो टेबलावर पडला, टेबल लाउडस्पीकरवर. शाळेचे सर मधे आले, त्यांना कोपर लागलं. मी खुर्ची फिरवली, ती कोणाला लागली बघितलं नाही. शेवटी चौघांनी मला जमिनीवर दाबून धरलं, तोंडात माती गेली.
या सगळ्यात बुलेटला कोणी उचललं ते मला दिसलं नाही. मान वळवता आली तेव्हा कठड्यापाशी कोणी नव्हतं.

३० मार्च
बुलेटच्या मानेवर, गालांवर, दंडांवर फोड आलेत. पाण्याने भरलेले. बायको तिला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाला, लिंबाचा रस लावून कडक उन्हात कोणी पाठवतं का? त्याने कातडी भाजते. असा सल्ला दिला कोणी तुम्हाला? बुलेट म्हणाली म्हणे, मीच लावलं.
तिने माझं नाव घेतलं नाही. हे ऐकल्यावर काय झालं कळलं नाही. बॅच चारची बरणी हातात होती. भिंतीवर मारली. काचा खोलीभर उडाल्या. एक तुकडा बुलेटच्या पायापाशी जाऊन पडला. पायापाशी. पायाला लागला नाही. हे मी नीट बघितलंय.
बायकोने काचा गोळा केल्या, कागदात बांधल्या. मग बॅगा भरल्या. मेव्हणा खाली गाडी घेऊन उभा होता, वर आला नाही. मी म्हणालो, जा, हवापालट होईल. चार दिवसांनी राग उतरेल तिचा.
राग तिचाच आहे. माझा मी ३ मार्चलाच बंद केलाय.

६ एप्रिल
घरात शांतता. पातेलं पडत नाही, दार आपटत नाही. आपटून पाहिलं. मजा आली नाही.
मेव्हण्याचा फोन. बुलेटचे फोड सुकले. सरांनी सांगितलंय की तिची चाचणी पुन्हा घेतील, चूक तिची नव्हती. फक्त वडलांना आत घेऊन येऊ नका म्हणाले.
भिंतीचं प्लास्टर भरलं. बरणीचा डाग मात्र रंगाखालूनही वर येतो.

१९ एप्रिल
आज पुन्हा चाचणी. मी मैदानाच्या कुंपणाबाहेर उभा होतो. फाटकावरच्या वॉचमनने मला ओळखलं आणि दंडुका दोन्ही हातांत घेतला. मी जाळीपाशी जाऊन थांबलो. सकाळपासून उभा, टोपी विसरलो, नाक सोलवटलं.
बुलेट आत वॉर्मअप करत होती. बायको तिच्या मानेला काहीतरी लावत होती. हळू, गोल गोल. बुलेट डोळे उघडे ठेवून उभी होती.

थोड्या वेळाने मेव्हणा जाळीपाशी आला. ताईने दिलीय म्हणाला, लावून घ्या, तोंड भाजलंय. जाळीतून ट्यूब सरकवली. तीच ती डॉक्टरी. मी झाकण उघडलं.
ओल्या काकडीचा वास.
बोटावर घेतलं. पांढरं, हलकं, मऊ. बॅच तीन.
मी मेव्हण्याकडे पाहिलं. तो दोन पावलं मागे सरकला, मधे जाळी होती तरीसुद्धा. मग म्हणाला, त्या दिवशी तुम्ही झोपल्यावर ताईने तुमचं सगळं ओतून टाकलं आणि बरणीत ट्यूब भरली. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. बुलेटलासुद्धा. मी विचारलं, मग मला एकाने तरी सांगायचं. तो माझ्या हाताकडे बघत राहिला.
मीही बघितलं. मूठ आवळलेली होती. ट्यूब तिच्यात चिरडली होती आणि बोटांच्या फटींतून क्रीम बाहेर येत होतं.

आत शिट्टी झाली. बुलेट पहिली आली असं नंतर टाळ्यांतल्या तिच्या नावावरून कळलं. मी वर बघितलं नव्हतं.
हातावर एवढं क्रीम होतं की अख्ख्या घराला पुरलं असतं. एकट्याच्या तोंडाला लावलं, तरी बरंच उरलं.