नखाएवढ्या चित्राला सहा बाय चारचा फ्लेक्स

८ सप्टेंबर, सकाळी ९.४०
आज सुरतेच्या लिंबायतमधल्या चहाच्या टपरीवर माझा जाहीर अवमान झाला. त्याची नोंद कुठेतरी राहावी म्हणून ही वही सुरू करत आहे. कापडाच्या लूमवरचा निंबा मास्तर सहा माणसांसमोर मला म्हणाला, भगवंत भो, मन्हं भिंग कव्हय देशी? भिंग म्हणजे कापडातले धागे मोजायची काच. दीड इंचाची. मी ती अकरा वर्षांपूर्वी एका दिवसासाठी नेली होती. सत्तावीस वर्षं साडीच्या बॉक्सवरची चित्रं करणाऱ्या कलाकाराला काचेच्या तुकड्यासाठी हटकायचं? देतो म्हणालो. पण आता तत्त्वाचा प्रश्न आहे. लगेच देणार नाही.

९ सप्टेंबर
काशीताईची विशाखा आली होती. भाचीने दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली आणि कॉम्प्युटर गेम करत बसली आहे. गेमचं नाव ‘तार’. एक कामगार, बारा लूम. तार, म्हणजे मागावरचा धागा, तुटली की धावायचं, गाठ मारायची, लूम पुन्हा चालू. तिचे वडील, आमचे भाऊजी, हेच करता करता गेले. गेममध्ये त्यांच्याच कारखान्याचा खडखडाट भरला आहे म्हणे. म्हटलं, पोरी, लिंबायतमध्ये तो फुकट ऐकू येतो. ती हसली नाही. विनोद कळायला वय लागतं.

मुद्दा असा. १३ ऑक्टोबरपासून गेमच्या ऑनलाइन दुकानात आठवडाभर मेळा आहे. नव्या गेमचा नमुना लोक फुकट खेळतात आणि आवडला तर खूण करून ठेवतात. ताईने अट घातली आहे. दोन हजार खुणा झाल्या तर आणखी एक वर्ष. नाहीतर पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये बिलं लिहायला. आणि दुकानात गेमची ओळख म्हणजे फक्त एक छोटं चित्र.

विशाखाने विचारलं एवढंच, की मामा, या दोन लाल रंगांतला लांबून कुठला उठून दिसतो? मी ओळखलं. सगळं चित्र माझ्याकडूनच हवं आहे, मागायला लाजते.

१२ सप्टेंबर
तिने केलेलं चित्र पाहिलं. काळोख. एका हाताची दोन बोटं, मध्ये तुटलेली लाल तार. संपलं. साडीच्या बॉक्सवर एवढी जागा मोकळी सोडली असती तर शेठने मलाच बॉक्समध्ये भरलं असतं. शिवाय अंगठ्याला नख काढायलाच विसरली आहे. नवशिकी. मी दुरुस्त करून देईन.

म्हणाली, मामा, हे पडद्यावर नखाएवढं दिसणार, आजूबाजूला चाळीस दुसरी. बघणाऱ्याला अर्ध्या सेकंदात एकच गोष्ट कळली पाहिजे. म्हटलं, एकच गोष्ट दाखवायची तर माझी गरज काय? ती म्हणाली, तेच. कबुली दिली बिचारीने.

संकल्प: आठ दिवसांत मास्टरपीस.

२० सप्टेंबर
मास्टरपीस मनात तयार आहे. बाहेर येत नाही कारण खुर्चीचा डावा हात डगमगतो आणि हिने माझ्या टेबलावर मेथी निवडायला घेतली. जगात कलावंतांच्या बायका मेथी कुठे निवडतात?

२८ सप्टेंबर
झालं! जुन्या कॅटलॉगमधली हिरॉइन, मागे महाल, उजवीकडे मोर, डावीकडे दोन हत्ती, भोवती जरीची बॉर्डर. गेमचं नाव मराठी, हिंदी, गुजराती. ‘नकली मालापासून सावधान’ची पट्टी. हत्तीच्या पायाशी एक लूमसुद्धा बसवला, नाहीतर विशाखा रुसेल. खाली कोपऱ्यात संकल्पनाकाराचा फोटो: मी, पांढरा शर्ट, काळा गॉगल.

ही म्हणाली, यात गेम कुठंय? म्हटलं, आत. ती म्हणाली, गेममध्ये हत्ती आहे? म्हटलं, बॉक्सवर एक आणि आत दुसरं, यावर अर्धं मार्केट उभं आहे. गेल्या वर्षी महालाचा बॉक्स बघून गिऱ्हाइकाने आतला हलका माल निमूट नेला की नाही? ही मेथी घेऊन आत गेली.

१ ऑक्टोबर
शास्त्रशुद्ध चाचणी. चित्राचा सहा बाय चारचा फ्लेक्स काढला आणि पर्वत पाटिया भागात ओळखीच्या भाईदासच्या साडीच्या दुकानावर टांगला. रस्ता ओलांडून पाहिला. मोराची पिसं मोजता येत होती. एक रिक्षावाला थांबून पत्ता विचारू लागला, काका, सेल क्यां छे? म्हणजे चित्र माणसाला थांबवतं. पास!

फ्लेक्सचा फोटो विशाखाला पाठवला. उत्तर आलं, मामा, प्लीज, नको. भारावली आहे.

७ ऑक्टोबर
विशाखाला डेंगी. दवाखान्यात जाऊन आलो. प्लेटलेट अठ्ठावीस हजार. चेहरा तिच्या चित्रासारखा, म्हणजे रिकामा. उद्या चित्र चढवायची शेवटची तारीख. तिने मला पासवर्ड दिला आणि हात धरून म्हणाली, मामा, ‘लाल फायनल’ नावाची फाइल. फक्त ती. तुम्ही काही करू नका, फक्त ती चढवा. ताईनेही मान हलवली, हिच्या मनासारखं कर रे भगवंता. मी हो म्हटलं.

तापात माणूस काय बोलतो ते धरून बसू नये.

८ ऑक्टोबर, दुपारी ३.१०
चढवलं. माझं. पोरीचं आयुष्य पणाला लागलेलं असताना तिच्या हट्टाला भीक घालणं हा क्रूरपणा झाला असता. माझा फोटो मात्र काढून टाकणार होतो. मग वाटलं, सही कोणी पुसतं का? म्हणून लहान केला. लहान दिसेना म्हणून थोडा मोठा केला.

१३ ऑक्टोबर
मेळा सुरू. मोबाइलवर आमचं चित्र सापडायला वेळ लागला. चष्म्याचा नंबर वाढलेला दिसतो. हत्ती, महाल, मोर, हिरॉइन सगळं मिळून गाठी पडलेल्या पिठल्यासारखं वाटलं. गॉगल मात्र स्पष्ट. समाधान.

१५ ऑक्टोबर
खुणा एकोणीस. लोक काय लिहितात! एकाला ही ज्योतिषाची जाहिरात वाटली. एकाने विचारलं आहे, या अंकलला गोळी घालता येते का? तिसरा भडकला आहे: राजकन्या दाखवली आणि आत नुसती मशिनं, फसवणूक. साडीचं गिऱ्हाईक असं कधी बोललं नाही. या लोकांना व्यापाराची रीत माहीत नाही.

१७ ऑक्टोबर
विशाखा घरी आली. ताईचा फोन. म्हणाली, भगवंता, पोरगी रडली नाही रे. नुसती फोनकडे बघत बसली. नवं चित्र चढवलं तर दुकानवाले चार दिवस तपासणार. मेळा परवा संपतो. मी ताईला सांगितलं, अशक्तपणात मोठे निर्णय घेऊ नयेत, नारळपाणी द्या. ताईने फोन ठेवला. रेंज गेली असावी.

२० ऑक्टोबर
मेळा संपला. एकशे चार. त्यात माझ्या दडपणाखाली सोसायटीतले अकरा. भगवंता, तू नसतास तर त्र्याण्णवच!

२४ ऑक्टोबर, सकाळी
विजय! विशाखाने एक लिंक पाठवली, शब्द एकही नाही. इंग्रजीत कोणी परदेशी तज्ज्ञ. मेळ्यातल्या चित्रांची दहाची यादी, आणि पहिल्या नंबरावर आम्ही. माझ्या चेहऱ्याभोवती लाल गोल! डाळीचा वाफवलेला लोचो दोन किलो आणून सोसायटीत वाटला. टपरीवरही पाठवला, खास निंबाच्या नावाने.

तीच तारीख, संध्याकाळी
हिने लोचो खाता खाता लिंक पाहिली आणि म्हणाली, अहो, ही वाईटात वाईट चित्रांची यादी आहे. म्हटलं, तुला इंग्रजी काय कळतं? ती म्हणाली, एवढं कळतं. तो माणूस हसून हसून खुर्चीतून पडलाय, त्याला इंग्रजी लागत नाही.

वाटलेला लोचो परत मागता येत नाही.

२ नोव्हेंबर
विशाखा पलसाण्याला लागली. सकाळी पावणेसातला मिलची बस. हिने विचारलं, भेटून येता का? म्हटलं, नवी नोकरी आहे, उगीच लक्ष विचलित होईल.

९ नोव्हेंबर
विशाखाने दुकानातलं चित्र बदललं आहे. तिचं लावलं. आता बघायला कोणी नाही. मेळा उठला.

फोन टेबलावर उभा केला आणि खुर्ची भिंतीपर्यंत मागे नेली. लाल तार दिसत होती. चष्मा काढला. तरी दिसत होती. मग माझं चित्र तेवढंच करून लावलं. ड्रॉवरमधून निंबाचं भिंग काढून मोर शोधला. नव्हता. काचेखाली गॉगल होता.

गेम उघडला. आजपर्यंत उघडला नव्हता, सवड झाली नव्हती. खडखडाट सुरू झाला. पहिली तार तुटली आणि गाठ मारायला हात आला. अंगठ्याला नख नाही. भाऊजींचा डावा अंगठा लूममध्ये सापडला होता, त्यानंतर नख आलंच नाही. याच अंगठ्याने ते मला तंबाखू मळून द्यायचे.

मी चार तारा जोडल्या. पाचवी जमली नाही.

तिसऱ्या प्रहरी निंबाच्या घरी गेलो. टपरीवर नाही, घरी. एकटाच होता. भिंग पुसून त्याच्या हातात दिलं. म्हणाला, अकरा वरीस, आणि पुसून? त्याने विचारलं, पोर कशी शे? म्हटलं, बस लागते तिला. उलट्या होतात.

त्याने मान हलवली, काच स्वतःच्या बाहीवर टेकवली आणि धागे मोजायला लागला. मी चपला घातल्या.