डावा हात वर

बाई,

तुम्हाला लिहायला बसले आणि पहिली दहा मिनिटं पेन्सिलीला टोक करण्यातच गेली. मग खिडकीतून ट्राम दिसली, तिच्यावर कसली तरी जाहिरात होती, ती वाचत बसले. मी वर्गात बाहेर बघायला लागले की तुम्ही खडू फळ्यावर तसाच टेकवून म्हणायचात, "ही निघाली गावाला. तिकीट कुणी काढलं हिचं?" सगळा वर्ग हसायचा, मीही हसायचे. आता खरंच निघून आलेय, फार लांब. बारावी कशीबशी झाली, डिप्लोमा अर्ध्यात सोडला, मग बॉनजवळ एका घरात मुलं सांभाळायला आले, तिथून बॉबलिंगेनला एका चुलत दादाकडे चार महिने पडून राहिले, आणि तिथून इथे ड्रेस्डेनला. प्रत्येक गावात नवीन आनमेल्डुंग, म्हणजे मी इथे राहते हो, असं कचेरीत जाऊन सांगायचं. दर वेळी तिथली कारकूनबाई विचारते, किती दिवस राहणार? मला कधीच सांगता येत नाही.

इथे मी काय करते ते तुम्हाला आवडलं असतं. एका जुन्या शाळेच्या तळघरात प्रयोगांच्या पेट्या आहेत, आणि गणित-विज्ञान शिकवणारे मास्तर त्या दोन आठवडे घेऊन जातात, वाचनालयातून पुस्तक न्यावं तशा. मी पेट्या भरते, धुते, मोडलेलं बदलते. माझी बॉस निवृत्त शिक्षिका आहे, आयुष्यभर फिजिक्स शिकवलं. इथल्या रीतीप्रमाणे मी तिला नावानं आणि 'तू' म्हणून हाक मारते, आणि बाई, जीभ अजून अडखळते. तिचा एक नियम आहे. प्रत्येक पेटीत एक वही. वहीवर तिच्या हातानं लिहिलंय, 'काय बिघडलं?' आधीच्या मास्तरानं प्रयोग करताना काय फसलं ते लिहायचं, म्हणजे पुढच्याला कळतं. चांगलं काय झालं ते लिहायला जागाच नाही. आणि दुसरा नियम माझ्यासाठी: पेटी परत आली की आधी कॉफी, मग 'कसं झालं?' असं विचारायचं, आणि ते बोलत असताना मधे पेटी उघडून मोजामोज करायची नाही. पहिल्याच दिवशी तिनं मला सांगितलं, "हे लोक पेटीसाठी येत नाहीत. दिवसभरात त्यांना कुणीच विचारत नाही म्हणून येतात." मी मान डोलावली, 'या, गेनाऊ', म्हणजे हो, अगदी बरोबर, वगैरे. तेव्हा काही कळलं नव्हतं.

तुम्हाला कुणी विचारायचं, बाई? मला तुमची ती भाड्याची खोली आठवते. मी वह्यांचा गठ्ठा घेऊन आलेय, तुम्ही एका शेगडीवर एका हातानं पिठलं हलवताय आणि दुसऱ्या हातानं आमच्या चाचणीचे पेपर तपासताय, एका पेपरावर पिठल्याचा थेंब. आठवी, नववी, दहावी, तिन्हींचं गणित आणि विज्ञान तुमच्याकडे, वर खिचडीची नोंद आणि मतदारयाद्या. त्या आठवड्यात तुम्ही तालुक्याला शिक्षकांच्या प्रेरणा शिबिराला जाऊन आला होता. कुणी वक्ता आला होता, त्यानं सगळ्यांना उभं करून छातीवर हात ठेवायला लावला आणि तीनदा म्हणवून घेतलं, मी उत्कृष्ट शिक्षक आहे. मी विचारलं, मग काय मिळालं? तुम्ही पिठल्यात मीठ टाकत म्हणालात, "पिशवी मिळाली. चांगली आहे, भाजीला होईल." मग तुम्ही तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घेतलात, त्यात घोटभर पाणी उकळलंत, झाकण घट्ट लावून त्यावर माठातलं गार पाणी ओतलंत. डबा कण्हल्यासारखा आवाज करत चेपत गेला. मी मागे सरले. तुम्ही म्हणालात, शाळेत हे दाखवायची सोय नाही, प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली हेडसरांकडे असते आणि काही फुटलं तर उत्तरं द्यावी लागतात. म्हणून मला एकटीला दाखवलंत. त्या संध्याकाळी हवेच्या दाबाबद्दल मी तुम्हाला इतकं विचारलं की पिठलं लागलं.

म्हणजे मला येत होतं, बाई. ते लक्षात ठेवा. पुढे लागेल.

इथे गेल्या वर्षी एक गृहस्थ यायला लागले. पन्नाशीचे, वीस वर्षं संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर होते, ते सोडून शहराबाहेरच्या एका शाळेत फिजिक्स आणि गणित शिकवायला लागले होते. इथे मास्तर मिळत नाहीत, म्हणून असे दुसऱ्या धंद्यातले लोक घेतात. मी त्यांना मनात चिपवाले सर म्हणायचे. दर गुरुवारी यायचे, कोट न काढता स्टुलावर बसायचे. एकदा ही माझ्यासमोरची, चौदा नंबरची, हवेच्या दाबाची पेटी नेली. पाण्यानं काठोकाठ भरलेला ग्लास, वर पुठ्ठा, ग्लास उलटा करायचा, पुठ्ठा पडत नाही. तोच प्रयोग, बाई, तुमचा तपासणीच्या दिवशीचा. त्यांच्या हातून पुठ्ठा पडला. पाणी पहिल्या बाकावर, मुलं हसली, एकानं मोबाइलवर काढून शाळाभर फिरवलं. वहीत त्यांचं अक्षर आहे, लहान, सरळ, इंजिनियरचं: 'पुठ्ठा ओला होता. कोरडा घ्यावा. हसल्यावर काय करावं ते माहीत नाही.' माझ्या बॉसनं ते वाचलं आणि म्हणाली, "माझा पुठ्ठा तीस वर्षं पडत होता. मी टॉवेल घेऊन जायचे." ते हसले. खरंच हसले, त्या दिवशी कोटाचं वरचं बटण काढलं.

ते दुसऱ्यांदा हीच पेटी न्यायला आले तेव्हा बॉस दवाखान्यात गेली होती, मी एकटी. मला बॉनची बस पकडायची होती, मैत्रिणीनं बोलावलं होतं, पाठीवरची सॅक भरून दारात ठेवलेली. त्यांचा वर्ग बघायला वरिष्ठ येणार होते, त्या पाठावर त्यांना पुढे ठेवायचं की नाही ते ठरणार होतं. ते पेटी हातात घेऊन उभे राहिले, गेले नाहीत. मग म्हणाले, "एक विचारू? मुलांना प्रश्न आधीच सांगून ठेवले तर ते वाईट आहे का?"

बाई, मला त्यांना खाली बसवायला हवं होतं. कॉफी द्यायला हवी होती. त्या सगळ्या गावात मी एकटीच असेन, जिला या प्रश्नाचं काही सांगता आलं असतं. मी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, सगळे तसंच करतात, काही काळजी करू नका. ते म्हणाले, "आल्झो, बरं मग." आणि गेले. मला बस मिळाली. बॉनला छान मजा केली, ऱ्हाइनच्या काठी बसून भेळ खाल्ली, एका मुलीनं घरून चुरमुरे आणले होते. भेळेचं कशाला सांगतेय? पुढचं सांगायचं नाही म्हणून.

पेटी दोन महिन्यांनी परत आली. शाळेच्या ऑफिसमधल्या बाईंनी गाडीतून आणून दिली. ग्लास एका राखाडी स्वेटरमध्ये गुंडाळलेला होता, त्यांचा स्वेटर. वहीत एकच ओळ: 'प्रयोग केला नाही.' त्या बाई म्हणाल्या, ते आधी आजारपणाच्या रजेवर गेले, मग सोडूनच दिलं. कारखान्यातही परत गेले नाहीत. माझी बॉस आठवडाभर फोन करत होती, त्यांची बायको उचलायची, तो बोलणार नाही म्हणायची. एके दिवशी फोन ठेवून बॉस माझ्याकडे वळली. "शेवटचा आला तेव्हा मी नव्हते. तू विचारलंस ना त्याला?" मी म्हणाले, हो, विचारलं. ती म्हणाली, बरं केलंस. आणि स्वेटर धुवायला टाकला. तो अजून इथे खुंटीला आहे, न्यायला कुणी येत नाही.

आता ते दुसरं, तुमचं-माझं. आठवीची तपासणी. तुम्ही शिक्षणसेविका, तीन वर्षं संपत आलेली, कायम व्हायचं तर तपासणीला येणाऱ्या साहेबांचा शेरा चांगला हवा. दुसऱ्या वर्गांवर जे चालायचं ते आम्हाला ठाऊक होतं: साहेबांनी प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा, ज्याला येतं त्यानं उजवा, ज्याला येत नाही त्यानं डावा. मग मास्तर फक्त उजव्यांना उठवतात. तुम्ही ते कधी केलं नव्हतं. शी, म्हणायचात. पण त्या वर्षी हेडसरांनी तुम्हाला दोनदा ऑफिसात बोलावलं, आणि आदल्या दिवशी तुम्ही वर्गात आलात, दार लोटलंत, आणि आमच्याकडे न बघता, भिंतीवरच्या नकाशाकडे बघत सांगितलंत. डावा, उजवा. आणि तुम्ही आम्हाला ठरवूही दिलं नाहीत, बाकांमधून फिरत एकेकाला सांगत गेलात. माझ्यापाशी आलात आणि म्हणालात, "तू डावा."

"पण बाई, मला येतंय."

"येतंय गं. पण तू एकदा सुरू झालीस की साहेबांचा चहा गार होतो. डावाच."

वर्ग हसला. नेहमीसारखा. मी नाही हसले. तुम्ही ते बघितलं नाहीत, पुढच्या बाकावर गेला होतात. पिठलं लागेपर्यंत मला सांगितलेलं सगळं तुम्ही असं, एका शब्दात, माझ्याकडून काढून घेतलंत असं मला वाटलं. तेरा वर्षांची होते. घरी जाऊन जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब मागे खुर्चीवर बसलेत. तुम्ही ती बरी साडी नेसलीय, राखाडी काठाची. ग्लास भरता, पुठ्ठा ठेवता, उलटा करता. पडत नाही. साहेब म्हणतात, छान, का पडत नाही? हात वर जातात, सगळा वर्ग, अगदी दाट. मी डावा करते. साहेब उठून बाकांमधून चालत येतात. ते पूर्वी मास्तर होते, बाई, त्यांना काय कळायचं राहिलं होतं? माझ्याजवळ थांबतात आणि हसून विचारतात, "काय गं, डावखुरी आहेस का?"

हो म्हटलं असतं तर झालं होतं. ते पुढे गेले असते. मला वाटतं त्यांनाही तेच हवं होतं, म्हणूनच तसं विचारलं. मी उभी राहिले, हाताची घडी घातली, आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, "नाही साहेब. ज्याला येत नाही त्यानं डावा करायचा, असं बाईंनी सांगितलंय."

कुणी हसलं नाही. तुम्ही उलटा ग्लास तसाच धरून उभ्या होता. तेवढा सगळा वेळ पुठ्ठा पडला नाही.

ऑफिसात हेडसर माझ्यावर ओरडायला लागले तेव्हा तुम्ही मधे आलात. तुमच्या नोकरीचं काय व्हायचं ते समोर दिसत होतं, आणि तुम्ही म्हणालात, "तिला नका बोलू, सर. भोळी आहे ती. खोटं बोलता येत नाही तिला." जूनमध्ये तुमच्या जागी संस्थेच्या सचिवांचा भाचा आला. तो आधीपासून वाट बघतच होता, मी गप्प बसले असते तरी काही ना काही निघालंच असतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलंय. असेलही. शेवटच्या दिवशी तुम्ही मला तुमचं भिंग दिलंत, म्हणालात, खिशात ठेवू नको, काच घासते. ते भिंग बॉबलिंगेनला दादाच्या घरी राहिलं की वाटेत पडलं, मला सांगता येत नाही. त्याच्या मुलीला दाखवलं होतं, एवढं नक्की. ती माझं मराठी सगळं समजायची आणि उत्तर जर्मनमधून द्यायची, आणि उत्तर येत असलं की इथल्या पोरांसारखं एक बोट वर करायची. मी दर वेळी बघायचे, कोणत्या हाताचं बोट. अजून बघते. पेट्या पोचवायला कुठल्या शाळेत गेले की सगळ्यात आधी तेच बघते.

पुढे तुम्ही जिल्ह्याच्या गावी कुठल्याशा क्लासमध्ये शिकवायला लागलात असं ऐकलं. तिथे रजा नव्हती, कावीळ अंगावर काढलीत. तुम्ही गेलात ते मला वर्गाच्या ग्रुपवर कळलं, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक आणि एका विनोदाच्या मधोमध. खाली हात जोडलेली बरीच चित्रं. मीही एक टाकलं.

हे सगळं मी चौदा नंबरच्या वहीत, मागच्या पानांवर लिहिलंय. दुसरा कागद जवळ नव्हता. सोमवारी सकाळी एक नवीन शिक्षिका ही पेटी न्यायला येणार आहे, फोनवर तिचा आवाज फार दमलेला वाटला. तेव्हा ही पानं मला आज फाडून घ्यावी लागतील. कॉफी आणून ठेवलीय. तिला सोमवारी सांगण्यासारखं माझ्याकडे काय आहे ते मला माहीत नाही, पण सॅक भरलेली नाही, एवढं खरं.

मी भोळी नव्हते, बाई. मला प्रश्नाचं उत्तर येत होतं, आणि साहेबांना खोटंही सांगता येत होतं. तुमच्यावर राग होता म्हणून खरं सांगितलं. हे तुम्हाला पाठवायला पत्ता नाही. असता तरी पाठवलं नसतं. तुम्ही गेलात तेव्हा मला भोळी समजत होता, आणि ते मला अजून हवं आहे.