लिंबाची ओळ

३ मार्च १९७४, रविवार
दुपारी नरसव्वा आली. समोरच्या खोलीत राहते, विड्या वळते. नवरा राजय्या भिवंडीला यंत्रमागावर. घरात तेलुगू, पण तो मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेला, म्हणून पत्र मराठीत, आणि लिहायची मी. मजकूर नेहमीचाच. धाकटीला खोकला, नळ एक दिवसाआड, बाकी बरे आहे. खाली जागा उरली. तिला न सांगता मीच एक ओळ घातली, "दुपारी लिंबाखाली पडलं की तुम्ही हाक मारल्यासारखं वाटतं." हा कडुलिंब करमाळ्याचा, माझ्या लहानपणच्या घराच्या परसातला. तिच्या दारात साधी तुळस नाही. काय सुचलं मला कोण जाणे!

१७ मार्च
राजय्याचं उत्तर. "लिंबाची ओळ पाचदा वाचली. आपल्या दारात लिंब कुठला गं? पण लिहीत जा." वाचून दाखवताना तेवढं गाळलं.
"इतकंच? कागद तर भरलाय की!"
अक्षर मोठं आहे, म्हटलं. धडधडीत खोटं. दिवसभर मात्र मोहोराचा वास येत राहिला, इथे, या पत्र्याखाली.

७ एप्रिल
आणखी दोन पत्रं. दोन्हींत माझी ओळ. शाळेत हेडबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सुमनबाई अगदी निःस्वार्थी हो, शेजारणीची पत्रं लिहून देतात." कान तापले. अहो कसली निःस्वार्थी! उभ्या जन्मात असं पत्र लिहायला मला कुणी नव्हतं. रविवारची वाट ती जास्त बघते की मी?

२१ एप्रिल
नरसव्वा म्हणाली, "बाई, मला शिकवा की. दुसरीपतोर गेलते, समदं इसरले. तुमाला किती तरास द्यायचा?"
परीक्षा होऊ दे, म्हटलं. परीक्षा कालच संपली.

५ मे
सुट्टी. सबब उरली नाही. पाटी आणली. तिच्या भल्यासाठी, की माझी मलाच लाज वाटायला लागली म्हणून? भातात आमटी कालवल्यावर आता काय निवडायचं. बोटं तंबाखूनं पिवळी, पण 'क' झोकात काढते. खूप आनंद झाला. आता पत्रं ती स्वतःच लिहील.

२ जून
आता जोडून वाचते. जाता जाता म्हणाली, "पेटीत त्यांची समदी पत्रं हायत. त्याच्यावरच सराव करते."
मी गाळलेला मजकूरही त्यातच.

८ जून
पाच दिवस आली नाही. तिचं दार उघडंच असतं. हाक मारायचा धीर होत नाही.

१६ जून, रविवार
आली. हातात कोरं अंतर्देशीय. म्हणाली, "बाई, लिंब कुटला?"
करमाळ्याचा, म्हटलं आणि रडूच आलं. माफी मागायची राहून गेली. ती खाली बसली. मांडीवर पाटी, पाटीवर कागद. सगळं स्वतः लिहिलं, खोकला, नळ, बाकी बरे आहे. खाली जागा उरली. पेन तसंच धरून म्हणाली, "सांगा. मी लिवते."
राजय्यासाठी म्हणाली, स्वतःसाठी, की माझ्यासाठी? मला एक शब्द सुचेना. उद्या येते म्हणाली. कागद माझ्याकडेच ठेवून गेलीय, खालची जागा कोरी.