कावळ्यासमोर दहापर्यंत

पनवेल, १३ डिसेंबर १९५६

ती. महादेवमामा यांस,

सुतकात नमस्कार लिहायचा नसतो. ते उद्या फिटेल, तेव्हा माझा नमस्कार उद्याच्या तारखेचा समजावा. आपला दमा आणि मामींचा गुडघा कसा आहे? इकडे आई बरी आहे. मी तितकासा नाही. आज तात्यांचे दहाव्याचे झाले, आणि दुपारपासून हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहायला घेतले आहे.

तळ्याकाठी पिंड ठेवला. समोरच्या उंबरावर एकच कावळा होता, पण तो काही खाली येईना. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, वचन द्या. मी आईला सांभाळीन म्हणालो, चंद्रावतीला दर दिवाळीला माहेरी आणीन म्हणालो, विडी सोडीन म्हणालो (आई जवळच उभी होती, हे मागाहून लक्षात आले). कावळ्याने फक्त मान वाकडी केली. तात्या फळ्याशी उभे राहून माझ्याकडे अशीच मान वाकडी करून पाहत. तास उलटला तेव्हा भटजी दर्भाचा कावळा करू म्हणाले. आई रडू लागली. तात्यांचा जीव अडकून राहिला असे गावभर झाले असते, आणि कशात अडकला म्हणून लोकांनी माझ्याकडेच पाहिले असते.

तेवढ्यात करंजाड्याचा काशीराम पुढे आला. मिठागरावर मुकादम आहे, पण तात्यांच्या आमच्या ओटीवरच्या सोमवारच्या इंग्रजी वर्गाला तीन वर्षे एकदाही चुकला नाही. "दादा, मास्तरांचा जीव वचनात नाय, आकड्यांत हाय. तुमी आकडे म्हना."

माझा स्वभाव आपण जाणता. कचेरीत मी नक्कलनवीस झालो तो बोलावे लागत नाही म्हणून. पण डोळे मिटले आणि तात्या इंग्रजी शब्दांची फोड करून शिकवीत ते लॅटिन-ग्रीक आकडे सुरू केले. युनी म्हणजे एक, युनिफॉर्म. बाय म्हणजे दोन, बायसिकल. ट्राय तीन, आपल्या त्रिकोणातलाच त्रि. क्वाड्री, पेंटा, हेक्सा... (काशीराम म्हणतो, दर आकड्याला कावळा एकेक फांदी उतरत होता. मी पाहिले नाही.) सेप्ट म्हणजे सप्त, ऑक्टो म्हणजे अष्ट, नोव्हेम म्हणजे नव, डेसेम म्हणजे दश. मग काशीरामने हुबेहूब तात्यांच्या आवाजात विचारले, "डिसेंबर बारावा महिना, मग नावात दहा कशाला?" याच प्रश्नावर मी नवव्या वर्षी मार खाल्ला होता. रोमन लोकांचे वर्ष मार्चपासून होते, मार्चपासून मोजले की तो दहावाच, असे मी एका दमात सांगून टाकले.

तरी कावळा येईना. त्याला अकरा हवे होते असे मला वाटले, आणि मला तर दहाच्या पुढे काहीच येत नाही. घाबरून तोंडातून निघाले, "तात्या, बाकीचे सोमवारी!"

कावळा झेपावला आणि पिंडाला शिवला.

सर्वांनी हात जोडले. भटजी म्हणाले, वर्ग पुढे चालावा हीच इच्छा होती. काशीरामने तिथेच जाहीर केले की सोमवारी सगळ्यांनी पाट्या घेऊन यावे. मंडळी अकरा आहेत, त्यांतले दोघे माझ्यापेक्षा वयाने मोठे. मी तीन माणसांसमोर बोललो तरी मला घाम फुटतो.

आपला भाचा,
वसंत

ता. क. : दहाच्या पुढचे सर्व शब्द तात्यांच्या निळ्या वहीत आहेत. ती आपण १९३१ साली मॅट्रिकसाठी नेली होती (मामी म्हणतात, तशी ती नवीकोरी असेल). कृपा करून रविवारच्या आत पोचेल अशी पाठवावी. खरे तर ती घेऊन स्वतःच यावे आणि मागच्या बाकावर बसावे. काही बोलू नये, नुसते बसावे.

ता. क. २ : आत्ताच आई म्हणाली की तात्या दर सोमवारी "बाकीचे सोमवारी" म्हणून वर्ग सोडीत, आणि लगेच अंगणात कावळ्याला भात टाकीत. एक ठरलेला कावळा त्या शब्दांचीच वाट पाहत बसे. मी म्हणालो, मग ते वचन झालेच नाही, काशीरामला तसे कळवतो. आई फळा पुसत होती. सगळा पुसला, फक्त कोपऱ्यात तात्यांनी लिहिलेला शेवटचा शब्द ठेवला. तो अकराचा असावा. अक्षर पुसट आहे, मला नीट वाचता येत नाही. वही पाठवावीच.