हॉकीच्या मैदानावरची जाळी

शिंदे की छावणी, शनिवार संध्याकाळ

संस्थान विलीन झालं, फौजेचं हॉकीचं मैदान सरकारकडे आलं आणि जुनी गॅलरी नवी करण्याचं काम माझ्याकडे. बायकांच्या बैठकीपुढची दगडी जाळी मीच काढायला लावली. आता सगळे उघड्यावर, एकत्र बसतील. वाटलं होतं, आई खूश होईल.

आज आई-बाबांना दाखवायला घेऊन गेलो. बाबा फौजेच्या टीममधून खेळायचे तेव्हा आई त्या जाळीच्या एका भोकाला डोळा लावून बसायची. आज पहिल्यांदाच ती बाबांच्या शेजारी, सिमेंटच्या नव्या पायरीवर बसली. आणि तिनं डावा डोळा मिटून घेतला.

"अगं, दोन्ही डोळ्यांनी बघ. आता मनाई नाही," बाबा म्हणाले.

"आदत पडलीय," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "त्या भोकातून हेच तेवढे दिसायचे. बाकीचे दहा कसे होते, देव जाणे."

चुकलं का माझं? जाळीचे दगड अजून भिंतीशी पडलेत, उद्या गाडी येऊन नेईल. मी विचारलं, "एक परत बसवू का?"

"नको रे. आत जीव घुसमटायचा."

बाबा काठी टेकत मैदानात उतरले. मधोमध थांबून काठी उलटी धरली आणि हवेतच एक फटका मारला. आईचा डावा डोळा पुन्हा मिटलेला.

मीही मुठीची नळी करून डोळ्याशी धरली. नव्या पायऱ्या, सिमेंटची पोती, सगळं बाहेर राहिलं. आत फक्त बाबा.