बाबांच्या श्वासासाठी

१ फेब्रु., रवि.
चर्चमध्ये, मंडळीच्या उपासनेत तीन गीतं वाजवली, तिन्ही बरी. ऑर्गनिस्टची परीक्षा याच महिन्यात, मुंबईला. पास झाले तर शाळेत संगीत शिकवायची जागा मिळेल नि साड्यांना लेस लावणं सुटेल.

४ फेब्रु., बुध.
विल्सन सरांचा ऑनलाइन तास. सुरतच्या या डिंडोलीत ऑर्गन कुठला? मंडळीत साधा कीबोर्ड. पायांनी वाजवायच्या पट्ट्या मी फरशीवर खडूनं काढते, वहिनी रोज पुसते. दोघींची हौस.
सरांनी रविवारचं रेकॉर्डिंग ऐकलं. म्हणाले, "ओळ संपली की तू थांबतेस. तिथेच गुण जातील. ऑर्गन पुढे, मंडळी मागे."
थांबते ती बाबांसाठी. सगळा जन्म कापडाच्या लूमवर गेला, आता छाती साथ देत नाही. पहिल्या बाकावरून त्यांनी श्वास घेतला की मगच माझी बोटं खाली येतात. असं वाजवायला मला कुणी शिकवलं नाही.

८ फेब्रु., रवि.
आज थांबले नाही. दुसऱ्या कडव्यात बाबा मागे पडले. तिसऱ्यात त्यांचा आवाजच नाही.
रिक्षात विचारलं, रागावलात का? म्हणाले, "मना श्वासाकरता थांबू नको. तू पास व्हय."
रागावले असते तर बरं झालं असतं.

१२ फेब्रु., गुरु.
सर खूश. लय सुधारली म्हणे. मला त्यांचाच राग येतोय. त्यांची काय चूक? ते बाबांना ओळखतही नाहीत.
लेस दोनदा उलटी लावली. शेठ गुजरातीत बडबडला, मी ऐकून घेतलं.

१८ फेब्रु., बुध. मुंबई
झाली एकदाची. खरा ऑर्गन आज पहिल्यांदा वाजवला. पाय दोनदा घसरला. एक गीत खालच्या पट्टीत वाजवायला सांगितलं, तिथे अडखळले. पण नेहमीचं गीत सरळ गेलं, कुठेही थांबले नाही. परीक्षकबाई म्हणाल्या, लय पक्की आहे तुमची. बरं वाटलं. मग लगेच वाईट वाटलं. निकाल मेलवर येईल, कधी ते सांगितलं नाही.

२२ फेब्रु., रवि.
परीक्षा संपली, आता कोण गुण कापणार? पहिल्याच ओळीला थांबले, अगदी पूर्वीसारखी. बाबांचा श्वास ऐकू येईना. मान वळवून पाहिलं. अर्धी ओळ म्हणून त्यांनी तोंड मिटलं होतं. मला अडथळा नको म्हणून हल्ली तेवढंच म्हणतात, हे मला आज कळलं. मी त्यांच्यासाठी थांबलेली, ते माझ्यासाठी. सगळी मंडळी माझ्याकडे बघत होती. बाबांनी हातानंच खूण केली, चल पुढे.
मी वाजवायला लागले.